औषधाला न जुमानणारे जंत

पोटांतील जंत ही कांहीं मनुष्याला नवी व्याधि नव्हे. माती चाटणारें, कितीही खाल्लें तरी अंगीं न लागणारें आणि रात्रीं झोपेंत दांत खाणारें मूल पाहिलें म्हणजे घरांतील वडीलधारी बाई ‘याला जंत झाले आहेत’ असें निदान करीत असे. दांत खाण्याचा जंतांशीं संबंध असतोच असें नाहीं. पण बाईचें निदान एकंदरींत फारसें चुकत नसे, आणि वावडिंग, पळसपापडी, एरंडेल हा तिचा उपचारही ठरलेला असे. पुढें दवाखान्यांतून सँटोनीन मिळूं लागलें. आणि २०१५ सालापासून तर शाळांतून व अंगणवाड्यांतून ठराविक दिवशीं मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळावयास देण्याची चाल देशभर पडत गेली.

उपचार असे बदलत गेले, तरी एक तक्रार मात्र अधूनमधून कानीं पडते. ‘पूर्वीं या औषधाला जो गुण होता तो आतां राहिला नाहीं,’ असें विशेषतः शेळ्यामेंढ्या पाळणारे लोक म्हणतात, आणि ऐकणारा बहुधा दुकानदाराला दोष देऊन मोकळा होतो. औषधांत भेसळ होत नाहीं असें नव्हे. तथापि जगांतील कित्येक कुरणांवर असा अनुभव आलेला आहे कीं औषध शुद्ध, माप बरोबर, पाजणारा हात जाणता, आणि तरीही जंत मरत नाहींत. तेथें औषध बदललेलें नसतें; जंत बदललेला असतो. तो बदलतो कसा, हें नीट समजून घ्यावयाचें तर माणसाच्या पोटापेक्षां मेंढीच्या पोटाकडे पाहणें अधिक सोयीचें आहे, कारण तेथें ही गोष्ट साठ वर्षांहून अधिक काळ घडत आली असून तिची टिपणेंही काळजीपूर्वक ठेवलीं गेलीं आहेत.

मेंढीचें पोट चार कप्प्यांचें असतें. त्यांतील चौथ्या कप्प्यांत राहणाऱ्या एका जंताला शास्त्रज्ञ हिमाँकस कंटॉर्टस म्हणतात. मादी दोनतीन सेंटिमीटर लांब व सुतासारखी बारीक असते. रक्तानें भरलेलें तिचें तांबडें आंतडें आणि पांढरें गर्भाशय हीं एकमेकांभोवतीं पीळ घातल्याप्रमाणें गुंडाळलेलीं असल्यामुळें तिच्या अंगावर लाल-पांढरे पट्टे दिसतात. विलायतेंत व अमेरिकेंत न्हाव्याच्या दुकानापुढें अशाच पट्ट्यांचा खांब उभा करण्याची रीत होती. त्यावरून इंग्रजी बोलणाऱ्या मेंढपाळांनीं या जंताला ‘न्हाव्याचा खांब’ असें नांव देऊन टाकलें.

नांव विनोदी, पण काम फार क्रूर. एक जंत दिवसाला सुमारें ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एक थेंबभर, रक्त पितो. थेंबाचें तें काय, असें वाटेल. पण पोटांत हजार जंत असणें ही मुळींच असाधारण गोष्ट नाहीं, आणि हजार थेंब म्हणजे रोजचे पन्नास मिलिलिटर झाले. लहान कोंकराच्या अंगांत सारें मिळून रक्त लिटरभराच्या आंतबाहेर! मग मेंढीला पंडुरोग होतो. पापणीची आंतली बाजू फिकट पडत पडत पांढरी होते, जबड्याखालीं पाणी जमून थैली लोंबूं लागते, आणि एके दिवशीं कळपाबरोबर चालतां चालतां ती जी बसते ती उठत नाहीं. या जंतानें सहसा हगवण लागत नाहीं, त्यामुळें मालकाला संशय येईपर्यंत पुष्कळदां वेळ निघून गेलेली असते.

याची मादी दिवसाला पांच ते दहा हजार अंडीं घालते. तीं लेंड्यांबरोबर कुरणावर पडतात. हवा उबदार व ओलसर असली कीं आठवडाभरांत अंड्यांतून निघालेली अळी वाढून गवताच्या पात्यावर चढते, दंवाच्या थेंबांत वाट पाहत राहते, आणि गवताबरोबर मेंढीच्या पोटांत जाते. तेथें तीन आठवड्यांत तिचा पुरा जंत होऊन नवीं अंडीं पडूं लागतात. तात्पर्य, या प्राण्याचें अर्धें आयुष्य मेंढीच्या पोटांत आणि अर्धें गवतावर जातें. श्रोत्यांनीं ही एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

जुन्या काळीं मेंढपाळ मोरचूद, तंबाखूचा अर्क असलीं जहाल द्रव्यें पाजीत. त्यानें जंत मरत, आणि माप चुकलें तर मेंढीही मरे. १९४० च्या सुमारास फिनोथायाझिन नांवाचें औषध प्रचारांत आलें आणि मेंढपाळांना हायसें वाटलें. परंतु १९५७ सालीं अमेरिकेच्या केंटकी संस्थानांतील संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं तेथील मेंढ्यांतील हिमाँकस त्या औषधाला दाद देईनासा झाला आहे. १९६१ सालीं थायाबेंडाझोल निघालें. तें अनेक जातींच्या जंतांवर चाले व मेंढीला निर्धोक होतें. आतां जंतांचा प्रश्न सुटला असेंच सर्वांना वाटलें. तीनच वर्षांनीं, १९६४ मध्यें, त्यालाही न जुमानणारे जंत आढळले. १९७० च्या आगेंमागें लेव्हामिसोल आलें. त्याचीही दशकभरांत तीच गत झाली. भारतांतसुद्धां १९७६ सालींच फिनोथायाझिन व थायाबेंडाझोल यांना न मानणाऱ्या हिमाँकसची नोंद छापून आलेली आहे. म्हणजे हें केवळ परदेशचें गाऱ्हाणें नव्हे.

मग आयव्हरमेक्टिन आलें. याची जन्मकथा फार मनोरंजक आहे. जपानांत शिझुओका प्रांतीं कावाना येथें गोल्फ खेळण्याचें एक मैदान आहे. त्याच्या जवळच्या मातींत सातोशी ओमुरा यांना एक सूक्ष्म जीव सांपडला; त्याच्यापासून मिळणाऱ्या द्रव्याचा जंतांवरील गुण अमेरिकेंत विल्यम कँबेल व त्यांचे सहकारी यांनीं ओळखला, आणि १९८१ पासून तें जनावरांसाठीं विकावयास आलें. याच औषधानें आफ्रिकेंतील नदीकांठच्या लाखों लोकांची दृष्टि वांचविली, आणि २०१५ सालीं ओमुरा व कँबेल यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. परंतु पारितोषिक मिळण्याच्या पुष्कळ आधींच, त्याच आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोंकाला, मेंढ्यांतील हिमाँकसनें या औषधालाही पाठ दाखविली होती. विक्री सुरू झाल्यापासून दहा वर्षेंही लोटलीं नव्हतीं. दक्षिण आफ्रिकेंतील कांहीं शेतांवर त्या काळीं मिळणाऱ्या सर्व वर्गांचीं औषधें निरुपयोगी ठरून मालकांना मेंढ्या पाळणेंच सोडावें लागलें. पिढीजात धंदा एका सुताएवढ्या किड्यापायीं बुडाला! पुढें २००९ सालीं न्यूझीलंडमध्यें मोनेपँटेल हें अगदीं नव्या वर्गाचें औषध विक्रीस आलें, आणि २०१३ मध्यें तेथीलच एका शेतावर तें निष्फळ ठरल्याचें जाहीर झालें. या खेपेचे जंत हिमाँकस नसून दुसऱ्या जातींचे होते. पण कथा तीच.

आतां हें होतें कसें? लोकांची समजूत अशी कीं अफू खाणाऱ्याला जशी अफूची संवय होते, तशी जंताला औषधाची संवय होते. ही समजूत साफ चुकीची आहे. औषध पोटांत पडलेला जंत एकतर मरतो किंवा वांचतो; तो शिकत नाहीं. खरा प्रकार समजण्यासाठीं औषध जंताला मारतें कसें हें आधीं पाहिलें पाहिजे.

प्राण्यांच्या पेशींच्या आंत अतिशय बारीक नळ्यांचें एक जाळें असतें. मांडवाला जसे वासे, तशा या नळ्या पेशीला आकार देतात. पेशींतील मालाची ने-आण याच वाटांनीं चालते. आणि एका पेशीच्या दोन होतात तेव्हां वांटणीचें कामही याच करतात. ट्युब्युलिन नांवाच्या प्रथिनाचे कण एकाला एक जोडून या नळ्या तयार होतात. मांडवाचे वासे एकदां रोवले कीं कार्य उरकेपर्यंत हलत नाहींत. या नळ्यांचें तसें नाहीं. त्या अहोरात्र एकीकडे बांधल्या जात असतात आणि दुसरीकडे सुटत असतात. थायाबेंडाझोल, अल्बेंडाझोल आणि त्यांच्या घराण्यांतील इतर औषधें जंताच्या ट्युब्युलिनला चिकटून बसतात. त्यामुळें बांधणें थांबतें, सुटणें मात्र चालूच राहतें, आणि जंताच्या आंतड्यांतील पेशींची सारी व्यवस्था कोलमडते. तोंडाशीं अन्न असून तें अंगीं लावतां न आल्यानें जंत मरतो. मेंढीच्या आणि माणसाच्या पेशींतही ट्युब्युलिन असतें, पण त्याला हें औषध तितकें घट्ट धरीत नाहीं. म्हणून रोगी वांचतो व रोग मरतो.

ट्युब्युलिनचा हा कण सुमारें साडेचारशें अमिनो आम्लांच्या साखळीचा असतो. १९९४ सालीं नेदरलँड्समधील संशोधकांनीं औषधानें मरणारे आणि न मरणारे हिमाँकस घेऊन त्यांच्या साखळ्या कडी-कडीनें ताडून पाहिल्या. मरणाऱ्या जंतांत २०० व्या जागीं फेनिलॲलनिन नांवाची कडी होती. न मरणाऱ्यांत त्याच जागीं टायरोसिन होती. या दोन कड्यांत फरक किती? टायरोसिनमध्यें प्राणवायूचा एक परमाणु अधिक, एवढाच. आनुवंशिक लेखांत ही कडी तीन अक्षरांनीं लिहिलेली असते. त्यांतलें मधलें एक अक्षर बदललें कीं एकीची दुसरी होते. एवढ्यानें औषधाची त्या जागेवरील पकड सुटते. नळ्या मात्र पूर्वींप्रमाणेंच बांधल्या जातात आणि जंताचा संसार निर्वेध चालतो. पुढें १६७ व्या व १९८ व्या जागींही असेच बदल सांपडले. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांच्या परिचयाचें कार्बेंडाझिम हें बुरशीवरचें औषधही याच घराण्यांतलें आहे, आणि त्याला न जुमानणाऱ्या बुरशींत पाहावें तर अनेक ठिकाणीं बदल त्याच १९८ व्या व २०० व्या जागीं! कोठें द्राक्षाच्या पानावरची बुरशी आणि कोठें मेंढीच्या पोटांतला जंत.

हा बदल औषधामुळें घडतो काय? नाहीं. नक्कल करतांना लेखकाच्या हातून जशी एखादी वेलांटी चुकते, तशी पिढ्यानपिढ्या नकला होतांना ही चूक आपोआप, औषध जगांत नसतांनाही, होत असते. अब्जावधि अंडीं घालणाऱ्या प्राण्यांत अशा चुकांना काय तोटा? एरवीं त्या चुकीचा कोणाला लाभही नाहीं व फारसा तोटाही नाहीं. औषध आलें कीं मात्र तीच चूक लाखमोलाची ठरते.

थोडें गणित केल्यावांचून पुढचा मुद्दा उमगणार नाहीं. शंभर मेंढ्यांचा कळप घ्या, आणि प्रत्येकीच्या पोटांत हजार जंत धरा. एकंदर एक लाख जंत झाले. प्रत्येक जंताजवळ ट्युब्युलिनच्या लेखाच्या दोन प्रती असतात. एक बापाकडून आलेली, एक आईकडून. शंभर प्रतींत एक प्रत बदललेली आहे असें समजूं. मग दोन्ही प्रती बदललेल्या असा जंत दहा हजारांत एक, म्हणजे साऱ्या कळपांत दहा. एकच प्रत बदललेले सुमारें दोन हजार. औषधाचें पुरें माप पोटांत गेलें कीं हे एक प्रतवाले दोन हजार बाकीच्यांबरोबर मरतात, कारण त्यांच्या ट्युब्युलिनचा निम्मा भाग औषधाच्या तावडींत असतोच. वांचतात ते फक्त दहा.

एक लाखांतून दहा उरले म्हणजे मालकानें पेढे वांटावेत असें यश! पण या दहांचें पुढें काय होतें हें मेंढीच्या पोटावर नव्हे, तर गवतावर अवलंबून आहे. कुरणावर ज्या अळ्या वाट पाहत होत्या त्यांच्या अंगाला औषधाचा स्पर्शही झालेला नाहीं. त्यांच्यांत शेंकडा नव्याण्णव प्रती जुन्याच आहेत. मेंढ्या त्याच कुरणांत चरत राहिल्या तर या अळ्या पोटांत जातात, मोठ्या होतात, आणि वांचलेल्या दहांचा जोडा बहुधा त्यांच्याशींच जुळतो. होणाऱ्या संततीला एक प्रत नवी, एक जुनी. पुढच्या औषधाला ती पुन्हां बळी पडते. दहा दुष्ट लाख सुष्टांच्या गर्दींत बुडून जातात. उलट, औषध पाजलें त्या वेळीं कुरणावर अळ्याच नसल्या, तर पोटांत उरलेल्या त्या दहांखेरीज अंडीं घालावयास दुसरें कोणी उरतच नाहीं. पुढचें कुरण सबंध त्यांच्याच वंशजांचें. औषधापासून लांब राहिलेल्या या जंतांच्या सांठ्याला शास्त्रज्ञ आश्रयस्थ म्हणतात, आणि दक्षिण आफ्रिकेंतील व्हॅन विक यांनीं २००१ सालीं लिहिलेल्या एका लेखांत असें ठासून मांडलें कीं जंतांच्या प्रतिकाराच्या विचारांत हीच सर्वांत प्रबळ बाब असून तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष झालें.

आणि येथेंच या कथेंतील दुःखाची जागा आहे. कित्येक वर्षें मेंढपाळांना जाणत्यांनीं जो सल्ला दिला तो असा, कीं सगळ्या कळपाला एकाच दिवशीं औषध पाजा आणि लगेच स्वच्छ, न चरलेल्या कुरणांत हलवा. वरकरणीं यापेक्षां शहाणपणाचा सल्ला कोणता असणार? पण स्वच्छ कुरण म्हणजे आश्रयस्थांनीं रिकामें कुरण. तेथें जी अंडीं पडतील तीं केवळ वांचलेल्यांचीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांत तर उन्हाळा इतका कडक व कोरडा असतो कीं कुरणावरच्या अळ्या जळून जातात. म्हणून भर उन्हाळ्यांत सर्व मेंढ्यांना औषध पाजण्याची पद्धत तेथें शिकविली गेली. कांहीं वर्षें तिचा गुणही अपूर्व आला. मागाहून कळलें कीं प्रतिकार करणारे जंत निवडून काढण्याची याहून नामी युक्ति सांपडली नसती. सल्ला देणारे अडाणी नव्हते व मेंढपाळही आळशी नव्हते. उलट ज्यांनीं सल्ला काटेकोर पाळला त्यांच्याच कुरणांचें अधिक वाटोळें झालें. आळशी शेजाऱ्याच्या चार मेंढ्या औषधावांचून राहिल्या, त्यांनीं त्याचें औषध टिकविलें.

दुसऱ्या बाजूनें कसूर घडे ती मापांत. मेंढीचें वजन कांट्यावर न करतां नजरेनें ठरवावयाचें, औषध महाग म्हणून हात आंखडता घ्यावयाचा, पाजण्याची पिचकारी वर्षानुवर्षें तपासावयाची नाहीं, असें सर्रास चाले व चालतें. अर्धवट मापानें ते एक प्रतवाले दोन हजार जंत वांचतात, आणि दहांची वाट पाहण्याचें कारणच उरत नाहीं. शेळीच्या बाबतींत तर मेंढीचें माप लावणें हीच चूक. शेळीचें शरीर या औषधांचा निचरा अधिक लवकर करतें, त्यामुळें मेंढीला पुरें होणारें माप शेळीला अपुरें पडतें. वरचें माप प्रत्येक औषधाचें निराळें. तें पशुवैद्याला विचारूनच ठरवावें.

इतर औषधांच्या बाबतींत प्रतिकाराची वाट इतकी सरळ नाहीं. लेव्हामिसोल जंताच्या स्नायूंवरील एका ग्राहक प्रथिनाला डिवचून स्नायु आंखडून टाकतें. आयव्हरमेक्टिन दुसऱ्या एका प्रथिनाचीं दारें उघडीं ठेवून जंताला लुळा करतें, इतका कीं त्याला गिळतांही येत नाहीं. त्या प्रथिनांतील बदल, शिवाय आंत आलेलें औषध बाहेर फेंकणारे पेशीवरचे पंप, अशीं कारणें पुढें आलीं आहेत. परंतु २०० व्या जागेच्या अक्षरासारखें एकच बोट दाखविण्याजोगें उत्तर तेथें मिळालेलें नाहीं. शेतावर मात्र परीक्षा सर्वांची एकच. औषधापूर्वीं लेंड्यांतील अंडीं मोजावयाचीं आणि दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां मोजावयाचीं. शेंकडा पंच्याण्णवांहून कमी घट झाली तर प्रतिकाराचा संशय धरावयाचा.

हें सारें मेंढ्यांपुरतेंच आहे काय, असा प्रश्न मुलांना गोळ्या देणाऱ्या आईबापांच्या मनांत येणें साहजिक आहे. मेंढ्यांत झाला तसा अनर्थ माणसांत झालेला नाहीं, आणि भीतीपोटीं मुलाची गोळी चुकविणें हा शुद्ध वेडेपणा होईल. जंतांनीं पोखरलेलें मूल पंडुरोगानें खंगतें. पण कानोसा घेत राहिलें पाहिजे. हैती, केनिया, पनामा या देशांत माणसाच्या चाबूककृमींत तोच २०० व्या जागेचा बदल आढळलेला आहे. अमेरिकेंत शर्यतीच्या कुत्र्यांना वारंवार औषध देण्यांत येई. त्यांच्या अंकुशकृमींनीं तेथील तिन्ही प्रमुख वर्गांच्या औषधांना दाद दिली नाहीं असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि कुत्र्याचा अंकुशकृमि माणसाच्या अंकुशकृमीचा जवळचा भाऊबंद आहे. भारतांतील शालेय मोहीम १ ते १९ वर्षांच्या मुलांपुरती आंखलेली. मोठीं माणसें व शेतांतली माती बाहेरच राहिली. ही मोहिमेची उणीव म्हणून दाखविली जाते, आणि एका अर्थानें ती आहेही. परंतु वरचें गणित ज्यानें केलें त्याला त्या उणीवेंत नकळत राखलेला आश्रयस्थांचा सांठाही दिसेल. सबंध गांवाला, मोठ्यांसकट, औषध देऊन जंतांचा प्रसारच तोडतां येतो काय याचे प्रयोग तामिळनाडूंतही झाले. अशा ठिकाणीं परसाकडची व्यवस्था, पायांतल्या वहाणा आणि जेवणापूर्वीं धुतलेले हात यांना अधिकच महत्त्व येतें, कारण त्यांना न जुमानणारा जंत अजून निपजलेला नाहीं.

असो. मेंढ्यांकडे परत येऊं. ज्या दक्षिण आफ्रिकेंत हानि अधिक झाली तेथेंच उपायही निघाला, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेवांचून करण्यासारखा आहे. तेथील संशोधकांच्या ध्यानांत आलें कीं कळपांतले जंत सर्व मेंढ्यांत सारखे वांटलेले नसतात. थोड्या मेंढ्यांच्या पोटांत बहुतेक जंत असतात, आणि बाकीच्या मेंढ्या थोडे जंत पोटांत घेऊनही बऱ्या राहतात. मग सगळ्यांना औषध कशासाठीं? हिमाँकस रक्त पितो, रक्त कमी झालें कीं पापणी आंतून फिकटते. तेव्हां पापणी उलटून पाहावी आणि जी पांढुरकी दिसेल तिलाच पाजावें. फाफा मलान या पशुवैद्यानें मेंढीच्या पापणीचे पांच रंग एका पत्रावर छापण्याची कल्पना काढली. त्यांच्याच नांवाच्या अक्षरांवरून त्या पद्धतीला फामाचा म्हणतात. पहिला रंग लालभडक, पांचवा जवळजवळ पांढरा. चौथ्या व पांचव्या रंगाच्या मेंढीला औषध, पहिल्या दुसऱ्याला नाहीं, आणि तिसऱ्याला प्रसंग पाहून. औषध न मिळालेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांतून जुन्या वळणाचे, औषधानें मरणारे जंत कुरणावर पडत राहतात. खर्चही वांचतो. ही पद्धत रक्तपित्या जंतापुरतीच चालते, पावसाळ्यांत दर दोन आठवड्यांनीं मेंढी पकडून पाहावी लागते, आणि हजारोंच्या कळपाच्या मालकाला तें जिकिरीचें होतें. पण ज्याचा कळप पन्नास-शंभरांचा आहे आणि जो आपली प्रत्येक मेंढी चालीवरून ओळखतो, त्या आपल्याकडील धनगराला तें जड जाऊं नये.

बाहेरून विकत आणलेल्या मेंढ्यांबरोबर दुसऱ्याच्या कुरणावरचे न मरणारे जंत येतात. म्हणून त्यांना निराळ्या वाड्यांत ठेवून, दोन वर्गांचीं औषधें एकदम पाजून, मगच कळपांत घ्यावें असें सांगतात. मेंढीच्या जातींतच जंतांना तोंड देण्याची शक्ति आणावी हाही एक मार्ग आहे. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेंत दख्खनी व बन्नूर मेंढ्यांचा बंगालमधील गारोळ जातीशीं संकर करून पाहिला, तेव्हां संकरित कोंकरांच्या लेंड्यांत जंतांचीं अंडीं कमी निघालीं. गारोळ मात्र अंगानें फार लहान, त्यामुळें वजनाचा प्रश्न उरतोच. हीं कामें पिढ्यांचीं आहेत. पापणी पाहणें हें आजच्या सकाळचें.

तें करण्याची रीत अशी. मेंढी उजेडांत धरावी, सावलींत नव्हे. अंगठ्यानें वरची पापणी डोळ्यावर हलकेच दाबून मिटवावी, दुसऱ्या अंगठ्यानें खालची पापणी खालीं ओढावी, आणि आंतली कड बाहेर आली कीं पत्र शेजारीं धरून ताबडतोब रंग ठरवावा. फार वेळ धरून ठेवल्यास रंग बदलतो. रंग आठवणीवर ठरवूं नये. पत्र काम झाल्यावर अंधाऱ्या जागीं ठेवावें, आणि वर्ष झालें कीं नवें घ्यावें, कारण उन्हानें त्याचे रंगही विटतात, आणि विटक्या पत्राशीं ताडून पाहिली तर फिकट पापणीही लाल वाटूं लागते.